इंजिनाला हार नको, झाकण हवे

संपादकांचे पत्र आले तेव्हा आमच्या केळापुरात नवरात्र चालू होते. जगदंबेच्या देवळाकडे पहाटेपासून माणसांची रीघ लागलेली, रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळाची आणि खेळण्यांची दुकाने, आणि घरात पाहुणे. पत्रात संपादकांनी प्रेमाने बजावले होते की, दिवाळी अंक घरातली सगळी माणसे वाचतात, तेव्हा विषय शक्यतो प्रसन्न असावा. मी प्रसन्न विषय शोधू लागलो. तो सापडायच्या आत खंडेनवमी उजाडली आणि माझे डोके फिरले. म्हणून हा लेख भांडणाचा झाला आहे. वाचकांनी फराळाची बशी जवळ ओढून घ्यावी. दुसऱ्याचे भांडण ऐकताना चकली बरी लागते.

डोके फिरण्याचे कारण असे. त्या दिवशी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मोबाइलवर एक फोटो पाठवला. एका साखर कारखान्याच्या फाटकाशी, सिमेंटच्या चौथऱ्यावर, वाफेचे एक छोटे इंजिन उभे आहे. एकेकाळी हे इंजिन मळ्यातून ऊस ओढून आणी. त्याला नखशिखांत चंदेरी रंग दिलेला. चाके चंदेरी, दांडे चंदेरी, बॉयलर चंदेरी. लग्नातल्या बँडवाल्यासारखे ते दिसते आहे. चिमणीला झेंडूचा भला मोठा हार. पुढे पाचसहा प्रतिष्ठित माणसे हात जोडून उभी. आणि त्या हाराच्या मधोमध चिमणीचे तोंड आभाळाकडे सताड उघडे.

आमच्या जवळून नागपूर-हैदराबादचा हमरस्ता जातो. त्याच्या कडेला एका तरुण मेकॅनिकचे गॅरेज आहे. त्यानेही त्या दिवशी आपले पाने, जॅक, हवा भरायचे यंत्र पुसून पाटावर मांडले होते, हळदकुंकू वाहिले होते, नारळ फोडला होता. एकादशीला सकाळी मी तिकडून गेलो, तर गडी एका ट्रकच्या पोटाखाली उताणा पडून त्याच पान्याने काम करीत होता, आणि पान्यावर कुंकवाचा ठिपका अजून तसाच होता. याला मी पूजा म्हणतो. फोटोतल्या प्रकाराला काय म्हणावे ते मला सुचत नाही. सुचते ते संपादक छापणार नाहीत.

त्या कारखान्याचे नाव मी सांगणार नाही, जिल्हाही सांगणार नाही. सांगितले तर वाचकांना वाटेल की एकाच ठिकाणी असे झाले आहे. पण त्या इंजिनाशी माझी ओळख जुनी आहे, ती सांगायला हवी.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघे त्या कारखान्यात गेलो होतो. मी निवृत्त शाळामास्तर. विज्ञान शिकवले, म्हणजे वाफेचे इंजिन फळ्यावर तीस वर्षे चालवले. दुसरे आमचे मिस्त्री. यांचे आयुष्य जिनिंग-प्रेसिंगच्या बॉयलरांपाशी गेले. आणि तिसरा पॉलिटेक्निकमध्ये शिकणारा माझा पुतण्या. आमची मागणी अगदी साधी होती. महिन्यातून दोन रविवार आम्ही पदरच्या पैशाने येऊ, इंजिन खरवडू, तेलपाणी करू, जे भाग गेले असतील त्यांची यादी करू. कारखान्याने फक्त परवानगी द्यावी आणि पिण्याचे पाणी द्यावे.

साहेबांनी चहा दिला. बिस्किटेही दिली. सगळे ऐकून घेतल्यावर ते मिस्त्रींकडे न बघता मला म्हणाले, "गुरुजी, आपण शिकलेली माणसं. आपण कशाला हात काळे करता? दोन मजूर लावून रंग मारून घेतो की." मी म्हणालो, "रंग मारू नका, तेवढे तरी करा." ते हसले. त्यांना वाटले, मी विनोद केला. पुढच्या महिन्यात त्यांनी शब्द पाळला आणि इंजिनाला रंग दिला.

आता रंगाने काय बिघडते, असे कोणी विचारील. थोडे सविस्तर सांगतो, कारण हे भांडण भावनेचे नाही, गंजाचे आहे. वाफेच्या इंजिनाचे नाक म्हणजे त्याची पुढची धूरपेटी. चिमणी तिच्यावर बसलेली असते. इंजिन चालते तेव्हा खालून धूर आणि वाफ जोराने वर जाते, त्यामुळे पावसाची भीती नसते. इंजिन थांबले, चौथऱ्यावर चढले, की तीच चिमणी पावसाळ्याची पन्हाळ होते. पाणी सरळ धूरपेटीत पडते. तिथे वर्षानुवर्षांची काजळी आणि राख असते. ती भिजली की आंबट होते आणि पत्रा खायला लागते. चिमणीच्या बरोबर खाली वापरलेली वाफ सोडणारा नळ असतो. त्याचे तोंड वर. त्यातून पाणी सिलिंडरपर्यंत उतरते, आणि पुढे दट्ट्या सिलिंडरला असा धरतो की घण मारूनही सुटत नाही. मागच्या भट्टीत राहिलेली राख ओल धरते आणि खालच्या कडा कुरतडते. बॉयलरवरच्या पातळ पत्र्याच्या अंगरख्याखाली उष्णता राखायला भरलेले आवरण असते, ते पाणी पिऊन बसते. (हे आवरण पुष्कळदा ॲस्बेस्टॉसचे असते. कोणी उत्साहाच्या भरात ते उघड्या हातांनी ओरबाडू नये. फुप्फुसांचे वाटोळे होते. ते काम जाणत्याचे.) आणि या सगळ्यावर बाहेरून चंदेरी रंग! जे दांडे आरशासारखे घासून ग्रीसमध्ये ठेवायचे, त्यांच्यावर रंगाची साय. तडा गेला असेल तर दिसत नाही, सांधा झिजला असेल तर कळत नाही. मेलेल्या माणसाला पावडर लावावी तसे ते आहे. फरक एवढाच की इंजिन अजून मेलेले नव्हते.

यावर उपाय काय, तर चिमणीवर एक पत्र्याचे झाकण. राख काढून टाकायची, दांड्यांना ग्रीस लावायचे, वर एक छप्पर घालायचे, आणि महिन्यातून एकदा कोणीतरी बॅटरी घेऊन पोटात डोकावायचे. एका सत्कार समारंभाच्या शालींचा खर्च याहून जास्त होतो.

आता थोडे बाहेर पाहू. वेल्समध्ये टॅलिलिन नावाची एक चिमुकली रेल्वे आहे. ती १८६० च्या दशकात डोंगरातल्या खाणीतून पाटीचा दगड खाली आणण्यासाठी बांधली. आपल्या लहानपणी ज्या दगडी पाटीवर आपण श्रीगणेशा गिरवला, त्या जातीचा दगड. १९४६ साली दगड निघायचा थांबला. मालकाने आपल्या हयातीत गाडी चालू ठेवीन असा शब्द दिला होता. तो १९५० साली वारला. तेव्हा टॉम रोल्ट नावाच्या लेखकाने आणि त्याच्या मित्रांनी सभा भरवली, मंडळ काढले, आणि १९५१ च्या मे महिन्यात फुकट काम करणाऱ्या माणसांनी ती गाडी पुन्हा सुरू केली. चालण्याजोगे एकच इंजिन होते, ते १८६६ सालचे. शेजारच्या बंद पडलेल्या, तशाच एका दगडवाहू रेल्वेची दोन इंजिने भंगारात निघाली होती, ती त्यांनी पंचवीस-पंचवीस पौंडांना विकत घेतली. स्वयंसेवकांनी रेल्वे चालवण्याची जगातली ही पहिलीच खेप मानतात. लहान मुलांसाठी इंजिनांच्या गोष्टी लिहिणारे एक पाद्री, ऑड्री, तिथे सुट्टीत गार्डाचे काम करीत. आज ती गाडी चालू आहे, आणि ती तीन इंजिनेही आहेत.

वाचक म्हणतील, हे साहेबांचे कौतुक पुरे. पुरे करतो, पण आधी घरचे एक उदाहरण ऐका. माथेरानची गाडी सगळ्यांना ठाऊक आहे. आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या हट्टाने ती १९०७ साली सुरू झाली. तिच्यासाठी जर्मनीहून चार इंजिने आणली होती. घाटातल्या वळणांवर वळावीत म्हणून त्यांच्या कडेच्या आसांना हलण्यापुरती मोकळीक ठेवली होती. १९८२ पर्यंत त्यांनी मुंबईकरांना हवा खायला वर नेले. त्यांतले एक इंजिन नेरळला चौथऱ्यावर आहे, जाता-येता लोक त्याच्यापाशी फोटो काढतात. आणि ७४० क्रमांकाचे इंजिन गेले इंग्लंडात, लेटन बझर्ड गावी. तिथली रेल्वे काय आहे? १९१९ साली वाळू वाहण्यासाठी घातलेली, दोन फुटी रुळांची, कारखानदारीची रेल्वे. १९६७ पासून तीही स्वयंसेवकच सांभाळतात. माथेरानचे इंजिन चोरून नेले नाही कोणी. आपण रीतसर दिले. मला त्याचा राग नाही. राग याचा आहे की, ते इथे राहिले असते तर त्याच्या वाट्याला काय आले असते हे मला नेमके ठाऊक आहे: एक चौथरा, एक कोनशिला आणि एक डबा चंदेरी रंग.

अशा गोष्टी बोलू लागलो की ठरलेली उत्तरे येतात. पहिले: "हे भरल्या पोटाचे चोचले." १९५१ सालचे इंग्लंड भरल्या पोटाचे नव्हते, तिथे तेव्हा मांस आणि साखर रेशनवर मिळे. आणि आपण काय उपाशी आहोत? आमच्या तालुक्याच्या गावी एका वाढदिवसाला जेवढे फलक लागतात, तेवढ्या पत्र्यात इंजिनावर छप्पर होईल.

दुसरे उत्तर जास्त गोंडस असते. "ही इंग्रजांची निशाणी, ती कशाला जपायची?" वा! म्हणजे चौथऱ्यावर ठेवून हार घालायला चालते, फक्त तेल घालायला चालत नाही. आणि वाफेचे इंजिन इंग्रजांचेच हे कोणी सांगितले? चित्तरंजनच्या कारखान्यात १९५० ते १९७२ या काळात दोन हजार तीनशेवर वाफेची इंजिने आपल्या माणसांनी बांधली. बरे, उसाचे हे इंजिन परदेशात बांधले असेल, एकदाच बांधले. त्यानंतर ते दर रात्री इथल्या माणसांनी पुन्हा बांधले. नळ्या बदलल्या, बेअरिंग ओतले, ज्या वस्तू मिळेनात त्या लोहाराकडून घडवून घेतल्या. हरेगाव, वालचंदनगर अशा कारखान्यांच्या मळ्यांतून एकेकाळी अरुंद रुळांवरून उसाचे डबे खडखडत जात. त्या इंजिनांवर कोळसा मारणारा माणूस कुठल्या गावचा होता, त्याचे नाव काय, हे कुठे लिहिलेले सापडत नाही. इंजिनाच्या लोखंडात मात्र ते सापडते. कुठे जोड दिला आहे, कुठे मापाबाहेरचा बोल्ट चालवून घेतला आहे. मिस्त्री असा जोड पाहतात आणि म्हणतात, "हा माणूस डावखुरा होता बघा." त्याच्यावर चंदेरी रंग फासणे म्हणजे त्या माणसाची एकुलती एक सही पुसणे होय.

तिसरे उत्तर मला खरोखर विचारात पाडते. एका कामगार पुढाऱ्याने ते दिले. तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही फुकट काम करणार, म्हणजे कोणाची तरी रोजी मारणार." माणूस प्रामाणिक होता, म्हणून मीही प्रामाणिकपणे सांगतो: जिथे पगारी माणूस आहे, तिथे स्वयंसेवकाने पाऊल टाकू नये. पण चौथऱ्यावरच्या इंजिनाचा पगार आज कोण खातो? कोणीच नाही. उलट आमच्या मंडळाचा पहिला खर्च मी ठरवून ठेवला आहे: मिस्त्रींसारख्या जाणत्याला रोजचे मानधन. आम्ही फुकट, ते पैसे घेऊन. शिकणाऱ्याने फी द्यायची, शिकवणाऱ्याने घ्यायची. मास्तर असल्यामुळे हा हिशेब मला कळतो.

आणि चौथे: "बॉयलर फुटला तर?" अहो, पेटवा कोण म्हणतो आहे! १९२३ चा बॉयलर कायदा घ्या किंवा त्याच्या जागी २०२५ साली आलेला नवा घ्या, निरीक्षकाच्या प्रमाणपत्राशिवाय कारखान्याचा बॉयलर पेटवता येत नाही, आणि येऊही नये. माझे मागणे थंड इंजिनाचे आहे. आज ते गंजू दिले नाही, तर उद्या कोणाला पेटवण्याची ऐपत आणि अक्कल आली तर काहीतरी पेटवायला उरेल.

आता शकुंतलेविषयी बोलतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाने आगगाडीवर लिहायचे आणि शकुंतलेला वगळायचे, हे शक्य नाही. लहानपणी आमच्या गावाला गाडी नव्हती. मामा यवतमाळला होते, शकुंतलेवर फायरमन. दिवाळीच्या सुट्टीत आई आम्हाला मोटारीने तिकडे नेई. किलिक निक्सन कंपनीने उभारलेली ही अडीच फुटी रुळांची गाडी. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, आणि पुढे अचलपूरची दुसरी शाखा. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीवर चढवायचा, तिथून मुंबई, तिथून मँचेस्टर. इंजिनही मँचेस्टरचेच, १९२१ सालचे. १९२३ पासून सत्तर वर्षे ते चालले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेल आले. पुढे डिझेलही थांबले.

मामांचे हात मला आठवतात. पणत्यांच्या उजेडात ते आमच्याबरोबर करंज्या खायला बसत, तेव्हा साबणाने तीनदा धुतलेल्या हातांच्या रेघांत काळे उरलेलेच असे. मामी म्हणे, "जरा नीट धुवा." मामा म्हणत, "हे निघालं तर पगार कोण देईल?" आग कशी मारायची हे ते आम्हाला पोह्याच्या ताटात दाखवीत. कोळसा ढीग करून टाकायचा नाही, चाळणीतून पीठ पडावे तसा पातळ पसरायचा. कडांना थोडा जास्त, मध्ये कमी. कुठे आग पांढरी दिसते, कुठे लाल, त्यावरून खाली हवा कशी खेळते ते ओळखायचे. थंड इंजिनात वाफ धरायला कित्येक तास लागत. घाई केली तर लोखंड एकीकडे फुगते, दुसरीकडे नाही, आणि सांधे गळायला लागतात. "बाईला आणि बॉयलरला घाई करू नये," असे ते म्हणत. मामी आतून ऐके आणि म्हणे, "बॉयलरला तरी कोण विचारतं आधी!"

शकुंतलेवर गेल्या काही वर्षांत पुष्कळ लिहून आले आहे. गाडी परत सुरू व्हावी म्हणून जे झगडत आहेत, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. गरिबाला स्वस्तात बाजाराला नेणारी गाडी त्यांना हवी आहे आणि ती मिळाली पाहिजे. माझे भांडण दुसऱ्या मंडळींशी आहे. शकुंतला म्हटले की ज्यांचा कंठ दाटून येतो, त्या मंडळींशी. "ती झुकझुक, तो धूर, ते बालपण!" मी अशा एका सभेत होतो. रडून झाल्यावर मी विचारले, "मामांसारखी माणसे अजून कुठेकुठे आहेत. त्यांनी काय केले, कसे केले, हे लिहून घ्यायला कोण येतो? वही माझी." सभागृहात एकाएकी सगळ्यांना बसची वेळ आठवली.

आणि ही वेळ खरोखरच थोडी आहे. १९९४ साली पंचविशीत असलेला फायरमन आज पन्नाशी केव्हाच ओलांडून गेला आहे. कारखान्यांतली इंजिने तर त्याच्याही आधी थांबली. मिस्त्री एकदा मला म्हणाले, बॉयलरच्या आतल्या आणि बाहेरच्या पत्र्याला एकमेकांशी धरून ठेवणारे शेकडो खिळे असतात. त्यांतला एखादा आतून तुटला तर डोळ्यांना दिसत नाही. लहान हातोडी घेऊन एकेकावर टिचकी मारायची. धड खिळा टणकन बोलतो, तुटलेला ठसक्यासारखा. हे लिहायला मला एक ओळ लागली. मी तो फरक ऐकायचा प्रयत्न केला. त्यांच्या घरामागे पडलेल्या जुन्या बॉयलरच्या तुकड्यावर त्यांनी मला सकाळभर बसवले. शंभरातले वीस माझे चुकले. पुतण्याचे सात. मिस्त्रींचा एकही चुकला नाही, आणि त्यांना एका कानाने आता कमी ऐकू येते. हे ज्ञान कुठल्या ग्रंथालयात ठेवणार? ते माणसाकडून माणसाकडे जायचे, आणि त्यासाठी दोघांच्या मध्ये खरे लोखंड लागते. म्हणून मला इंजिन हवे आहे. धुराची मला हौस नाही; धुराने मामांचा दमा बळावला होता, तो मी पाहिला आहे.

खरे सांगायचे तर साहेबांचे ते वाक्य अजून माझ्या घशात अडकले आहे. "शिकलेली माणसं, हात कशाला काळे करता?" ते वाईट माणूस नव्हते. आपल्या सगळ्यांच्या मनातले ते बोलले. आपल्याकडे देणग्या मिळतात, भाषणे मिळतात, अध्यक्ष तर हवे तेवढे मिळतात. मिळत नाहीत ते हात. पोराने शिकायचे कशासाठी? हात काळे होऊ नयेत यासाठी. ज्या पोराचे हात काळे राहिले, तो नापास. मग इंजिन खरवडायला येणार कोण? ज्याला परिस्थितीने आणले तोच येणार, आणि तोही पहिली संधी मिळताच पळणार. त्याला मी दोष कसा देऊ? मिस्त्रींनी स्वतःच्या मुलाला वर्कशॉपच्या दारात पाऊल ठेवू दिले नाही.

हे आमच्या वऱ्हाडात व्हावे याची मला जास्त लाज वाटते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा कुठल्याही गावात गेले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. आधी खराटा, मग तोंड. आपण क्रम उलटा केला. आता आधी भाषण, मग फोटोपुरता कोरा खराटा, आणि कचराही आधी आणून टाकलेला. पलीकडे वर्ध्याच्या सेवाग्रामला गांधीजींनी हाताच्या कामाला शिक्षणाच्या मधोमध बसवले. आम्ही मास्तर लोकांनी त्यावर निबंध लिहून घेतले, दहा गुणांचे. मीही घेतले. म्हणून या भांडणात मी स्वतःला वगळलेले नाही. तीस वर्षे मी फळ्यावर सिलिंडर काढला, दट्ट्या काढला, बाण काढले. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा खऱ्या दट्ट्याच्या दांड्याला हात लावला, तेव्हा तो माझ्या मनगटाहून जाड निघाला. फळ्यावर तो मी नेहमी एका रेघेने काढीत असे.

फोटो आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे दसऱ्याला, मी कारखान्याला पुन्हा पत्र लिहिले. या वेळी रविवार मागितले नाहीत. मंडळ, परवानगी, पिण्याचे पाणी, काहीच मागितले नाही. एवढेच लिहिले की, आपल्या इंजिनाच्या चिमणीवर ठेवण्यासाठी एक झाकण मी स्वखर्चाने पाठवू इच्छितो. ते वरून नुसते ठेवायचे आहे, खिळा मारायचा नाही, रंगाला धक्का लागणार नाही, आणि पुढच्या खंडेनवमीला हार घालताना काढून ठेवता येईल. चिमणीचे माप माझ्याकडे होते. दोन वर्षांपूर्वी साहेब चहा सांगायला आत गेले, तेव्हा पुतण्या चौथऱ्यावर चढला होता आणि पहारेकऱ्याने पाठ फिरवली होती. त्या पहारेकऱ्याचे वडील त्याच इंजिनावर क्लीनर होते, हे त्याने निघताना सांगितले.

झाकण मिस्त्रींनी कापले. जस्ती पत्रा, कडा आत वळवलेली, मध्ये उचलायला कडी. वाऱ्याने उडू नये म्हणून आतून तीन पट्ट्या. सुरेख काम झाले आहे. ते आमच्या ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवले आहे. कारखान्याचे उत्तर अजून आलेले नाही.

काल घरात चिवडा झाला. पाहुणे यायचे म्हणून यंदा मोठ्या पातेल्यात केला. गार करायला ओसरीवर ठेवला आणि वरून झाकायला काही सापडेना. मी देवळाकडून परत आलो तो झाकण पातेल्यावर.

"अहो, बघा तरी," सौ. म्हणाली, "काय नेमकं बसलं आहे! तुमच्या त्या इंजिनवाल्यांचं पत्र येईपर्यंत राहू द्या की."

मी राहू दिले आहे. पत्र आले की धुऊन, पुसून पाठवणार आहे. तेलाचा वास पत्र्याला लागला तर लागू दे. मिस्त्री म्हणतात, गंजाला तो बराच असतो.